मदत हवी आहे: इन्व्हेस्टमेंट बँकिंगच्या केस स्पर्धेसाठी टीम केली आहे, तयारी कुठून सुरू करू? (कोल्हापूर)

भुदरगडचा_भाचा

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एमबीए फायनान्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुंबईतल्या एका कॉलेजच्या फेस्टमध्ये मर्जर-अ‍ॅक्विझिशनची स्पर्धा आहे, चार जणांची टीम. पहिली फेरी ऑनलाइन क्विझ. दुसरीत ते एक लिस्टेड कंपनी देणार. तिने कुणाला विकत घ्यावं, किती किंमत द्यावी आणि पैसा कसा उभा करावा, हे दहा स्लाइडच्या डेकमध्ये आणि एक्सेल मॉडेलमध्ये मांडायचं. अंतिम फेरी मुंबईत, परीक्षक इंडस्ट्रीतले.

आमची अडचण अशी की आमच्या सीनियर्सपैकी कुणी असल्या स्पर्धेला गेलेलं नाही. सर म्हणतात, “चांगलं आहे, करा.” त्यापुढे काही नाही. डीसीएफ (पुढच्या कॅश फ्लोची आजची किंमत काढणं), डब्ल्यूएसीसी (कर्ज आणि भांडवल दोन्हींचा सरासरी खर्च) परीक्षेपुरतं येतं. पण पेपरात बीटा (बाजाराच्या तुलनेत शेअर किती हलतो तो आकडा) १.२ असा छापूनच येतो. खऱ्या कंपनीचा बीटा, ग्रोथ रेट, रिस्क-फ्री रेट (जोखीम नसलेल्या गुंतवणुकीचा परतावा) आणायचा कुठून? महागडे डेटाबेस आमच्याकडे नाहीत. सिनर्जीचा, म्हणजे दोन कंपन्या एकत्र आल्याने होणाऱ्या फायद्याचा, आकडा लोक काढतात कसा? आणि मुंबई-पुण्याच्या टीममधली पोरं इंटर्नशिप करून आलेली असतात, त्यांच्यापुढे आमचं काय होणार?

अजून एक. एका वेबसाइटवर दुसरी एक “राष्ट्रीय स्पर्धा” दिसली, फी दीड हजाराच्या आसपास आणि सहभागी प्रत्येकाला सर्टिफिकेट. तीही करावी का?

---

रोखठोक_जोशी

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नको. परीक्षक कोण, मागच्या वर्षी कोण जिंकलं, केस कुणी लिहिली हे जिथे सांगत नाहीत आणि सर्टिफिकेट मात्र सगळ्यांना देतात, तो सर्टिफिकेटचा धंदा आहे. त्या पैशात टीमचा मुंबईचा रेल्वेखर्च निघेल.

---

ताळेबंद_ताई

मी सीए आहे, काही वर्षं मुंबईत डील टीममध्ये होते आणि अशा दोन-तीन स्पर्धांत परीक्षक म्हणून बसले आहे. तेव्हा समोरच्या खुर्चीतून जे दिसलं ते सांगते.

डेक सगळ्यांचेच देखणे असतात. टीम पडतात त्या प्रश्नोत्तरांत. आम्ही मॉडेल उघडतो आणि एक्सेलची एकच पेशी (सेल) दाखवून विचारतो, “हा आकडा कुठून आला?” ज्याने तो टाकला तो बोलतो आणि बाकीचे तिघे छताकडे बघतात. म्हणून कामाची वाटणी स्लाइडनुसार करू नका. मॉडेल एकाने बांधलं तरी प्रत्येक गृहीतक चौघांनी भांडून ठरवलेलं असू दे.

डेटाबेसचं रडगाणं नको, कारण बहुतेक गोष्टी फुकट आहेत. वार्षिक अहवाल आणि गुंतवणूकदारांसोबतच्या कॉलचे ट्रान्सक्रिप्ट बीएसई-एनएसईच्या संकेतस्थळांवर असतात. त्याच क्षेत्रातली एखादी कंपनी अलीकडे आयपीओला आली असेल, तर तिच्या माहितीपत्रकाचा मसुदा सेबीच्या साइटवर मिळतो. त्यातलं उद्योगाविषयीचं प्रकरण आणि जोखमींची यादी वाचा. अख्खं क्षेत्र एका बैठकीत कळतं. दहा वर्षांचे आकडे एका पानावर हवे असतील तर स्क्रीनर ही वेबसाइट आहे, पण अंतिम आकडा मूळ अहवालाशी ताडून घ्या.

रिस्क-फ्री रेटसाठी दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचं यील्ड (त्यांवर मिळणारा परतावा). बीटासाठी एकट्या कंपनीवर विसंबू नका. त्याच क्षेत्रातल्या पाच-सहा कंपन्यांचे बीटा घ्या, त्यांतला कर्जाचा परिणाम काढून टाका, सरासरी घ्या आणि मग आपल्या कंपनीच्या कर्ज-भांडवल प्रमाणानुसार तो पुन्हा चढवा. न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक अश्वथ दामोदरन आपल्या संकेतस्थळावर उद्योगवार बीटा आणि देशवार रिस्क प्रीमियम फुकट ठेवतात, जगभर वापरतात. तिथे एक खड्डा आहे: डॉलरमध्ये काढलेला डिस्काउंट रेट (पुढचा पैसा आजच्या किमतीत आणायचा दर) रुपयातल्या कॅश फ्लोला लावू नका. परीक्षक ते पहिल्या मिनिटात पकडतो.

टर्मिनल ग्रोथचं, म्हणजे अंदाजाच्या वर्षांपुढे कायम धरलेल्या वाढीचं, गणित तर पाठच करा. डिस्काउंट रेट १२ टक्के आणि ग्रोथ ५ टक्के धरली, तर टर्मिनल व्हॅल्यू (त्यापुढच्या सगळ्या वर्षांची किंमत) शेवटच्या वर्षाच्या कॅश फ्लोच्या १५ पट येते. ग्रोथ ६ केली की १७.७ पट, ७ केली की २१.४ पट. म्हणजे कंपनीत काहीही न बदलता, निव्वळ एका पेशीत ५ चे ७ केले की टर्मिनल व्हॅल्यू चाळीस टक्क्यांहून जास्त फुगते. हे परीक्षकाने सांगण्याआधी तुम्ही सांगा. सेन्सिटिव्हिटी टेबल (गृहीतक बदललं की किंमत कशी बदलते तो तक्ता) शोभेला लावू नका, “आमची किंमत अमुक ते अमुक या पट्ट्यात का” हे त्यावर बोट ठेवून बोला.

आता सिनर्जी. मुलं इथे सगळ्यात जास्त उधळतात. समजा टार्गेटचं, म्हणजे विकत घ्यायच्या कंपनीचं, बाजारमूल्य १,००० कोटी आणि तुम्ही ३० टक्के प्रीमियम देताय, म्हणजे ३०० कोटी जास्त. दोन कारखान्यांची खरेदी एकत्र केल्याने वर्षाला २५ कोटी वाचतील असं धरलं. कर जाऊन साधारण १९ कोटी उरले. ते कायम मिळत राहतील असं मानून १२ टक्क्यांनी आजची किंमत काढली तर दीडशे कोटींच्या थोडं वर जाते. ३०० कोटी देऊन १५६ कोटींची बचत विकत घेतली! उरलेलं नुकसान घेणाऱ्या कंपनीच्या भागधारकांच्या माथी. ही एवढी आकडेमोड ज्या टीमने स्वतःहून करून “म्हणून आमचा प्रीमियम १२ टक्क्यांच्या वर जाणार नाही” असं सांगितलं, तिला मी डोळे झाकून पुढे पाठवलं असतं. विक्री वाढण्याची सिनर्जी मी तरी शून्य धरते, आली तर बोनस.

पैसा उभारण्याच्या स्लाइडवर सरळ “बँक कर्ज” असं लिहून मोकळे होऊ नका. दुसऱ्या कंपनीचे शेअर विकत घ्यायला कर्ज देण्यावर आपल्याकडे बँकांना वर्षानुवर्षं कडक बंधनं होती. ती सैल करण्याची घोषणा रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये केली. आजचा नियम वाचून मगच लिहा. टार्गेट लिस्टेड असेल तर सेबीचे २०११ चे टेकओव्हर नियम: २५ टक्क्यांपर्यंत पोचलात की ओपन ऑफर (बाकीच्या भागधारकांचे शेअर घ्यायची जाहीर तयारी) आणि ती किमान २६ टक्क्यांसाठी. हे विसरलात तर पैशाची सगळी गरजच चुकते.

---

शिरोलीचा_मोल्डर

ताईंनी लई भारी सांगितलंय. मी फायनान्सवाला नव्हे, फाउंड्रीवाला. पण भावा, मुंबईला घाबरायचं काय कारण? सरावाला कंपन्या दारात पडल्यात की. मेनन पिस्टन्स शिरोलीत, मेनन बेअरिंग्ज गोकुळ शिरगावात, पवनचक्कीची मोठाली कास्टिंग करणारी सिनर्जी ग्रीन कोल्हापूरची, इंडो काउंटचं नोंदणीकृत कार्यालय हातकणंगले तालुक्यात आळत्याला. सगळ्या लिस्टेड.

इंडो काउंटनं २०२२ मध्ये जीएचसीएलचा होम टेक्स्टाइलचा धंदा घेतला, गुजरातेतल्या भिलाडच्या कारखान्यासकट. झालेली डील आहे. तेव्हा काय सांगितलं होतं ते बघा, पुढच्या अहवालांत काय झालं ते बघा. यापेक्षा बरा सराव कुठला?

आणि कुठल्याही कास्टिंगच्या कंपनीचं मॉडेल करणार असाल तर विजेचं बिल आणि भंगाराचा दर या दोन ओळी वेगळ्या ठेवा. गिऱ्हाईक मोठी कंपनी असली की पैसे कधी येतात तेही बघा. नफा कागदावर दिसतो आणि पगाराला पैसे नसतात, असं आमच्याकडं चालतंच. मुंबईच्या पोराला भट्टी कशी चालते ते माहीत नसतं. तुम्ही एखाद्या कारखान्यात जाऊन विचारू शकता.

---

भुदरगडचा_भाचा

ताई, शिरोलीकर दादा, मनापासून आभार. प्रीमियमचं गणित आम्ही काल रात्री आमच्या सरावाच्या केसवर करून बघितलं, आमचा ४० टक्के प्रीमियम कुठच्या कुठे गेला.

आम्हाला आरबीएल बँकेवर सराव करावासा वाटतोय. मूळची रत्नाकर बँक, १९४३ ची, आणि नोंदणीकृत कार्यालय अजून शाहूपुरीत पहिल्या गल्लीत. दुबईच्या एमिरेट्स एनबीडी बँकेने तिचा मोठा हिस्सा घ्यायची डील जाहीर केली तेव्हा वर्गात दोन दिवस तोच विषय होता. पण बँकेचा डीसीएफ जमेना, फ्री कॅश फ्लो (खर्च आणि गुंतवणूक जाऊन उरणारा पैसा) काढतानाच अडकलो. शिवाय एकाचा आतेभाऊ एका दुसऱ्या लिस्टेड कंपनीच्या फायनान्स विभागात आहे, तो पुढच्या तिमाहीचे आकडे आधी सांगू शकेल म्हणतो. ते वापरले तर चालतील का?

---

ताळेबंद_ताई

आतेभावाला फोन करून सांगा की असं पुन्हा कुणाला म्हणू नकोस. जाहीर न झालेले आकडे बाहेर देणं सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांचा भंग आहे आणि त्यात नोकरी जाते. स्पर्धेत तर “सगळी माहिती सार्वजनिक स्रोतांतली” हे पहिल्या पानावर लिहा.

आरबीएल सरावाला उत्तम, पण तुमचा डीसीएफ अडकला यात तुमचा दोष नाही. इतर कंपनी कर्ज घेते ते कारखाना चालवायला. बँकेचा कच्चा मालच ठेवी आहे. त्यामुळे कर्ज बाजूला काढून कॅश फ्लो मोजायची नेहमीची रीत तिथे चालत नाही. प्राइस-टू-बुक (शेअरचा भाव पुस्तकी मूल्याच्या किती पट) बघा, त्याच्या जोडीला रिटर्न ऑन इक्विटी (भागधारकांच्या भांडवलावरचा नफा) ठेवा, आणि भांडवलाच्या खर्चापेक्षा बँक किती जास्त कमावते यावरून किंमत काढा.

डीलचं गणित मात्र जरूर करा. ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालं ते असं: ६० टक्क्यांपर्यंत हिस्सा, प्रेफरेन्शियल इश्यूने (ठरावीक गुंतवणूकदाराला नवे शेअर देऊन), २८० रुपये भावाने, सुमारे २६,८५० कोटी. आता पुष्कळ जण २६,८५० ला ०.६ ने भागून “बँकेची किंमत ४४,७५० कोटी” असं लिहितात. ती पैसे आत आल्यानंतरची. शेअर नवे आहेत, पैसा जुन्या भागधारकांच्या खिशात न जाता बँकेत येतो. तो वजा केला की जुन्या बँकेला दिलेली किंमत उरते १७,९०० कोटींच्या आसपास. या दोन आकड्यांतला फरक ज्याला तोंडी समजावता येतो त्याची निम्मी तयारी झाली.

पुढचा प्रश्न तुम्हाला गृहपाठ म्हणून देते. ६० टक्के इश्यूने आणि २६ टक्के ओपन ऑफरने, बेरीज ८६. खासगी बँकेत परदेशी मालकीची मर्यादा ७४. मग हे बसवलं कसं? जाहीर कागदांत उत्तर आहे, शोधा. (आणि भांडवल कितीही असलं तरी बँकेत एका भागधारकाचा मतदानाचा हक्क २६ टक्क्यांवरच थांबतो. हा २६ वेगळा, तो २६ वेगळा, गल्लत करू नका.)

---

रोखठोक_जोशी

ही स्पर्धा झाली की सीएफए इन्स्टिट्यूट रिसर्च चॅलेंजही बघून ठेवा. त्यात डील नसते. एकाच लिस्टेड कंपनीचा अभ्यास करून तिचा शेअर घ्यावा की विकावा हे लिहायचं आणि परीक्षकांपुढे टिकवायचं. टीम तीन ते पाच जणांची, पण नाव कॉलेजमार्फत जातं. “चांगलं आहे, करा” म्हणणाऱ्या सरांना तेवढं काम सांगा, सही तरी करतील. तुमचे ज्युनियर घ्या त्यात, तुम्ही पास होऊन जाल तोवर.

---

भुदरगडचा_भाचा

सरांना आजच विचारतो. ताई, एक शेवटचं. डेक पाठवण्याआधी तुम्ही अर्धा तास फोनवर आम्हाला प्रश्न विचाराल का? स्पर्धेच्या नियमांत बाहेरच्या माणसाचा सल्ला घ्यायला मनाई नाही, आम्ही आयोजकांना मेल करून विचारून घेतलंय.

---

ताळेबंद_ताई

विचारीन. आयोजकांचा तो मेल जपून ठेवा. डेक मला आधी पाठवू नका, फक्त मॉडेल पाठवा, आणि फोनवर मॉडेल बांधणारा सोडून बाकीचे तिघे बोलतील.