मदत हवी आहे: ज्युनिअर लेकीबरोबर कोणती कॉलेजं बघावीत? (न्यू जर्सीहून गाडीने, एप्रिल)

मंडळी, सल्ला हवाय.

लेक यंदा ज्युनिअर, म्हणजे अकरावीत आहे. आम्ही एडिसनला राहतो. मार्चमध्ये तिची एसएटी (कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा), मे उजाडला की एपीच्या (शाळेतच घेतलेल्या कॉलेज पातळीच्या विषयांच्या) परीक्षा, आणि उन्हाळ्यात कँपस ओस पडलेले. त्यामुळे एप्रिलच्या स्प्रिंग ब्रेकमध्ये गाडी काढायची एवढं ठरलंय. कुठे न्यायची यावर मात्र घरात तीन पक्ष आहेत.

लेकीला कॉम्प्युटर सायन्स (सीएस) आणि लिंग्विस्टिक्स, म्हणजे भाषाविज्ञान, दोन्ही करायचंय. (लिंग्विस्टिक्स तिचं स्वतःचं. सीएसमध्ये आमचा हात किती, हा वेगळ्या धाग्याचा विषय.) तिची यादी: रटगर्स, मेरीलँड, पेन स्टेट, पिट (पिट्सबर्ग विद्यापीठ), कार्नेगी मेलन, लीहाय, यूपेन, ड्रेक्सेल, कॉर्नेल, नॉर्थईस्टर्न. त्यात नवऱ्याने मिशिगन आणि जॉर्जिया टेक घुसडलीत. कशात काय अन् फाटक्यात पाय, अजून अर्ज नाही आणि हे विमानाची तिकिटं बघतायत.

मला जमण्यासारखी वाटतेय ती पश्चिमेकडची फेरी. आय-७८ ने निघालं की तासाभरात बेथलेहेम, म्हणजे लीहाय. तिथून टर्नपाइकने पिट्सबर्ग. पिट आणि कार्नेगी मेलन दोन्ही ओकलंडमध्येच, एकीकडून दुसरीकडे चालत जाता येतं. परत येताना स्टेट कॉलेजला पेन स्टेट आणि आय-८० ने घरी. दुसरा पर्याय दक्षिणेचा: फिलाडेल्फियात यूपेन आणि ड्रेक्सेल एकमेकांना लागून, मग आय-९५ ने खाली मेरीलँड. एका आठवड्यात दोन्ही कोंबलं तर शेवटच्या टूरला लेक गाडीतून उतरणार नाही, हे मी तिला ओळखून सांगते.

त्यात पुण्याहून सासूबाई आल्यात. पिट्सबर्गचं नाव काढल्यापासून त्यांनी पेन हिल्सच्या बालाजीचं दर्शन धरून ठेवलंय. पश्चिमेच्या बाजूने एक मत तिथेच पडलं. पण टूर म्हणजे तास-दीड तास चालणं, आणि लीहाय तर डोंगराच्या उतारावरच आहे. त्यांचे गुडघे बघता कसं करावं?

आता खरे अडलेले प्रश्न. लेक म्हणते रटगर्स बघायची गरजच नाही, 'तिथे आपण दर वर्षी कशाला ना कशाला जातोच.' माझं म्हणणं, नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये (मदत वजा जाता आपल्याला खर्च किती येईल त्याचा अंदाज देणारा) आमचे आकडे घातल्यावर जे दिसलं ते पाहता तीच जागा सगळ्यात नीट बघायला हवी. दुसरं, कॉलेज बघून आलं की अ‍ॅडमिशनला फायदा होतो म्हणतात, ते कितपत खरं? आणि कार्नेगी मेलन, कॉर्नेलसारखी अवघड कॉलेजं आधी दाखवून मुलीचा जीव तिथे गुंतवावा, की मिळालं तर मग न्यावं?

प्रतिसाद १

पश्चिमेची फेरी करा. आम्ही पिट्सबर्गकर, त्यामुळे पक्षपात गृहीत धरा.

फायद्याचं असं आहे की प्रत्येक कॉलेजचा कॉमन डेटा सेट, म्हणजे प्रवेश वगैरेंची ठराविक साच्यातली माहिती, नेटवर असतो. त्यातला सी-७ तक्ता उघडा. मार्क, निबंध, शिफारसपत्रं यांना किती वजन ते तिथे असतं, आणि 'अर्जदाराने दाखवलेला रस' अशीही एक ओळ असते. लीहाय रस बघतं, कार्नेगी मेलन बघत नाही. म्हणजे लीहायला नाव नोंदवूनच जा. नुसतं गाडीतून चक्कर मारून आलात तर त्यांच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. आणि नोंदणी आजच करा. एप्रिलमध्ये प्रवेश मिळालेली मुलंही बघायला येतात, त्यांना १ मेपर्यंत ठरवायचं असतं. जागा भराभर जातात.

सासूबाईंना पिटच्या कॅथीड्रल ऑफ लर्निंगमध्ये बसवा. ४२ मजली इमारत, तळमजल्यावर चर्चसारखी उंच कमानींची मोठी खोली, मुलं अभ्यास करत बसलेली असतात. वेगवेगळ्या देशांच्या नॅशनॅलिटी रूम्स तिथेच आहेत. भारताची खोली नालंदेच्या धर्तीवर बांधलीय. फक्त त्या खोल्यांत खरेखुरे वर्ग भरतात, दार लावलेलं असलं तर थांबावं लागेल. तुमची टूर होईपर्यंत आजींचा वेळ मजेत जाईल.

प्रतिसाद २

रटगर्सबद्दल तुमचं बरोबर, पण टूरने काही कळणार नाही. पाच कँपस आहेत. सीएस बुश कँपसवर हिल सेंटरला आणि लिंग्विस्टिक्स कॉलेज अ‍ॅव्हेन्यूवर, मधे रॅरिटन नदी. दोन्ही विषय घेतले तर चार वर्षं बस आली. म्हणून कॉलेज चालू असतानाच्या एखाद्या दिवशी लेकीला एकटीला सोडा. वर्ग सुटतानाच्या गर्दीत बुशला जाऊन परत येऊ दे. तुम्ही सोबत जाऊ नका, आई-बाबा असले की मुलं फक्त आई-बाबांकडे बघून तोंडं करतात.

मेरीलँडचं एक लक्षात ठेवा. तिथे सीएस हा लिमिटेड एनरोलमेंट प्रोग्रॅम आहे, म्हणजे जागा मर्यादित. 'आधी लिंग्विस्टिक्समधून आत शिरू, सीएसचं मग बघू' हा आपला देशी हिशोब तिथे धरून चालू नका. त्यांचा भाषाविज्ञान विभाग मात्र फार चांगला. लेकीने विभागाला मेल टाकून एखाद्या वर्गात बसू देतात का विचारावं. मेल तिनेच टाकावी, तुम्ही नाही.

अवघड कॉलेजं वाटेवर असतील तर बघा, मुद्दाम लांबचा प्रवास करू नका. कॉर्नेल, मिशिगन, जॉर्जिया टेक पुढच्या वर्षी, मिळालं तर. तेव्हा हातात महिनाभरच असतो, पण बघण्यासारखी उरतातही थोडीच. ज्या दोन-तीन ठिकाणी पोरगी खरंच जाण्याची शक्यता आहे ती आत्ता दोनदा बघितली तरी चालतील.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. पश्चिमेची फेरी पक्की. लीहाय, पिट, कार्नेगी मेलनची नोंदणी झाली, पेन स्टेटची वेळ मिळायचीय. मेरीलँड एका शनिवारी उरकणार होतो, पण वर्गात बसायचं तर शाळेची एक दांडी मारावी लागेल. बसचं ऐकून लेक चिडली, मग स्वतःच रटगर्सचं वेळापत्रक उघडून बसली. नवऱ्याला हा धागा वाचायला दिलाय, अजून उत्तर नाही.

एक शेवटचं, पिट्सबर्गच्या काकूंसाठी किंवा काकांसाठी: आम्ही तिथे असू त्याच दिवशी सासूबाईंचा उपास येतोय. ओकलंडजवळ फळांव्यतिरिक्त काही मिळेल, की साबुदाणा भिजवून कूलरमधून न्यावा?