अर्धवेळ सैनिकाने ड्यूटीबाहेर गुन्हा केला, तर शिक्षा कोणी करायची?

स्पष्टवक्ता:
आठवडाभर साधी नोकरी आणि शनिवार-रविवार कवायत, असा एक अर्धवेळ सैनिक धरा. बुधवारी रात्री, साध्या कपड्यांत, दारू पिऊन गाडी चालवतो आणि कुणाला तरी उडवतो. पोलीस गुन्हा नोंदवतात, खटला उभा राहतो. इथवर कुणाचीच तक्रार नाही. पण मग आरोळी उठते, "गणवेशाची लाज काढली, कोर्ट मार्शल करा!"

माझं मत: करू नका. बुधवारी तो नागरिक होता, नागरिकांचंच न्यायालय त्याला पुरेसं आहे. कायदेही बहुतांशी असंच मानतात. भारताच्या १९४८ च्या प्रादेशिक सेना (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे अर्धवेळ सैनिकांची सेना) कायद्यात अधिकाऱ्याला ड्यूटीवर असतानाच सेना कायदा, म्हणजे लष्कराचा शिस्तीचा कायदा, लागतो. जवानाला लागतो तो सेवेसाठी बोलावलं असेल, तुकडी सेवेत उभी केली असेल किंवा तो नियमित सेनेला जोडलेला असेल तेव्हा. ब्रिटनच्या २००६ च्या सशस्त्र दल कायद्यातही राखीव (म्हणजे तिथला अर्धवेळ) सैनिक प्रशिक्षणावर किंवा ड्यूटीवर असताना लष्करी कायद्याखाली येतो, एरवी नाही. त्याला काढायचं असेल तर जरूर काढा. काढणं वेगळं आणि तुरुंगात घालणं वेगळं.

सावधान_विश्राम:
म्हणजे शिस्तही शनिवार-रविवारपुरतीच? नियमित जवान सुट्टीवर असला तरी सेना कायद्यातून सुटत नाही. आता हे दोघं एकाच हॉटेलात, एकाच मारामारीत सापडले असं समजा. एकाला कमांडिंग ऑफिसरसमोर उभं राहावं लागणार आणि दुसरा म्हणणार, "आज माझा वार नाही." हुद्दा तोच, शपथ तीच. ज्याला मार बसला त्याला सांगून बघा हा फरक.

स्पष्टवक्ता:
मार खाणाऱ्याला पोलीस आहेतच की. सुट्टीवरच्या जवानाचा पगार चालू असतो, तो दिवस त्याच्या सेवेत धरला जातो. अर्धवेळवाल्याला बुधवारचं सैन्य काहीच देत नाही. द्यायच्या वेळी हात वर आणि शिक्षेच्या वेळी मात्र "तू आमचाच", हे कसं चालेल?

तळटीप:
तुम्ही दोघंही बुधवार आणि शनिवार यांच्यात सरळ रेघ मारताय. ती इतकी सरळ नाही, अमेरिकेचं उदाहरण बघा. तिथे राखीव सैनिकांची कवायत काही तासांच्या टप्प्यांत मोजतात. पूर्वी लष्करी कायदा फक्त त्या टप्प्यांपुरता लागायचा. शनिवारचा शेवटचा टप्पा संपला की सैनिक नागरिक आणि रविवारी सकाळी पुन्हा सैनिक! मधली रात्र मोकळी. दिवसभर एकत्र कवायत केलेली माणसं रात्री त्याच मुक्कामी राहतात, पितात, भांडतात, कधी हाताखालच्या महिला सैनिकाच्या खोलीचं दार वाजवतात. आणि वरिष्ठाच्या हाती काही नाही, कारण त्या वेळी कोणीच "ड्यूटीवर" नव्हतं.

हे भोक बुजवायला २०१६ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा बदलला, तो २०१९ पासून लागू झाला. आता लागोपाठच्या कवायतींमधला वेळ आणि जाण्यायेण्याचा प्रवासही लष्करी कायद्याखाली येतो. मला हा बदल योग्य वाटतो. बुधवारपर्यंत मात्र त्यांनीही हात पोहोचवलेला नाही, हेही लक्षात घ्या.

सावधान_विश्राम:
कॅनडा आणखी पुढे गेलाय. तिथे राखीव सैनिक गणवेशात असला तरी लष्करी शिस्तीच्या संहितेखाली येतो. कवायत संपवून त्याच वेशात कुठे दंगा घातला, तरी "मी ड्यूटीवर नव्हतो" ही सबब चालत नाही. शिवाय २०१५ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गुन्ह्याचा सैनिकी कामाशी थेट संबंध असलाच पाहिजे असं नाही. अमेरिकेतही १९६९ मध्ये तसा संबंध हवा असं ठरलं होतं, ते १९८७ मध्ये त्यांच्याच न्यायालयाने मोडीत काढलं. माणूस सैनिक आहे एवढं पुरे.

तळटीप:
पुरे, पण गुन्हा घडताना तो लष्करी कायद्याखाली असला तर! अर्धवेळवाल्याच्या बाबतीत घोडं नेमकं तिथेच अडतं. हे निकाल तुमच्या बाजूला जितके दिसतात तितके नाहीत.

उंबरठा:
न्यायालय कोणतं, यावर इतकी घासाघीस चाललीय. मला वेगळी भीती आहे. हा माणूस मंगळवारी घरात बायकोला मारतो आणि शनिवारी त्याच्या हातात रायफल येते. त्याला कोर्ट मार्शल होतं की नाही याच्याशी त्या बाईला काय करायचंय? रायफल मिळते की नाही, हे तिला कळायला हवं. अमेरिकेत १९९६ च्या दुरुस्तीनुसार घरगुती हिंसाचारात किरकोळ गुन्ह्याची शिक्षा झालेल्यालाही बंदूक बाळगता येत नाही आणि यात सैनिकांना सूट नाही. शिक्षा नागरी न्यायालयाची, परिणाम मात्र थेट त्याच्या सैनिकी कामावर. लष्कराचा अधिकार न वाढवताही हे जमतं.

स्पष्टवक्ता:
उंबरठा, हेच तर मी म्हणतोय. ब्रिटिश लष्करात प्रशासकीय कारवाईसाठी एक कसोटी आहे: या वागण्याचा लष्कराच्या कार्यक्षमतेवर परिणाम झाला का, किंवा होऊ शकतो का? उत्तर "हो" आलं तर ताकीद द्या, हुद्दा काढा, घरी पाठवा. कोठडी कशाला?

सावधान_विश्राम:
चला, घरी पाठवा म्हणालात, एवढं तरी आलं. पण तुकडीला कळणार कसं? पोलिसांच्या कागदावर "खाजगी नोकरी" लिहिलेलं, हा गडी तोंड उघडणार नाही आणि शनिवारी सगळ्यांसोबत सावधानमध्ये उभा. भरतीच्या वेळीच लिहून घ्या: अटक झाली तर कळवायचं, नाही कळवलं तर तोच शिस्तभंग.

उंबरठा:
आणि कळवल्यापासून निकाल लागेपर्यंत? खटला वर्षानुवर्षं चालतो.

स्पष्टवक्ता:
कळवायची अट मान्य. तोवर शस्त्र देऊ नका, कवायतीलाही बोलावू नका. पण हुद्दा दोष सिद्ध होईपर्यंत राहू द्या, नाहीतर शेजाऱ्याने खोटी तक्रार केली की माणूस बाद.

सावधान_विश्राम:
शस्त्र नाही, कवायत नाही, आणि हुद्दा आहे. त्या हुद्द्याला खालच्या पोरांनी सलाम करायचा का, तेवढं सांगा.