कीर्तिमुखाचं पेंडंट आणि चांदीची क्ले (बी विंग ग्रुप)

मृणाल बी-४०३: काल हळदीकुंकवाला बऱ्याच जणींनी माझ्या गळ्यातल्या पेंडंटबद्दल विचारलं म्हणून इथेच लिहिते. ते कीर्तिमुख आहे, देवळाच्या उंबऱ्यावर दोन्ही बाजूंना डोळे वटारलेलं तोंड कोरलेलं असतं ना तेच, आणि ते मी घरीच केलंय, सिल्व्हर क्लेमध्ये. कुणाला शिकायचं असेल तर नाव द्या, सुनंदा काकूंच्या घरी मिळून करू

सुनंदा काकू: फारच सुरेख आहे ग. पण क्ले म्हणतेस तर खरी चांदी आहे का ती?

मृणाल बी-४०३: हो काकू, अगदी खरी. चांदीची एकदम बारीक पूड, त्यात बाइंडर (कण चिकटवून ठेवणारा पदार्थ) आणि पाणी, बस. मळलेल्या कणकेसारखी मऊ असते, आकार द्यायचा, वाळवायचं आणि भाजायचं. बाइंडर जळून जातो, चांदीचे कण एकमेकांना घट्ट धरतात आणि उरते ती ९९९ चांदी, म्हणजे ९९.९ टक्के, दागिन्यांच्या ९२.५ टक्के स्टर्लिंग चांदीपेक्षा शुद्ध. जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मित्सुबिशी मटेरियल्सने काढली ही क्ले. चांदी वितळते साधारण ९६२ अंशांना आणि आपण भाजतो ६५० ते ८०० च्या मधे, त्यामुळे ती वितळत नाही, आकार टिकतो. फक्त थोडी आक्रसते, माझ्याकडच्या क्लेला ८-१० टक्के धरायचे, काही जुन्या प्रकारांत तर पाव हिस्सा कमी व्हायचा

अनिकेत ए-१०२: ताई मला ड्रॅगन करायचाय, पंख पसरलेला, शेपटी वळलेली, नखं बाहेर. जमेल का?

मृणाल बी-४०३: जमेल रे पण आधी डिझाइन नीट ऐक, कारण खरी गंमत तिथेच आहे. वाळलेली क्ले खडूसारखी ठिसूळ असते, नख किंवा शेपटीचं टोक हवेत सुटं ठेवलंस तर भाजायच्या आधी घासतानाच तुटेल, आणि भाजल्यावरही शुद्ध चांदी मऊ असल्यामुळे बारीक टोकं वाकतात, कपड्यात अडकतात. म्हणून शेपटी पाठीवर टेकव, पंख अंगालगत मिटव, पाय पोटाशी घे. हे मी आपल्या जुन्या दगडी शिल्पांकडून शिकले. जंजिऱ्याच्या दरवाज्यापाशी ते शिल्प बघितलंयस ना, एका पशूने हत्ती पकडून ठेवलेत, त्यात कुठला भाग लोंबत नाही, सगळं एकमेकाला चिकटून उठावात बसवलंय. दगडाचं जे टोक सुटं ठेवलं ते आधी तुटणार हे पाथरवटाला माहीत होतं, आणि तीच अडचण आपल्या क्लेची आहे. गंडभेरुंड पक्षीसुद्धा बघ, दोन डोकी दोन बाजूंना, पण माना मधल्या धडातून जाड निघतात म्हणून पेंडंटला फार छान बसतो

सुनंदा काकू: कीर्तिमुखाची गोष्ट सांग ना मुलांसाठी

मृणाल बी-४०३: शंकराने राहूला खायला एक भयंकर भुकेला प्राणी निर्माण केला. राहू शरण आला, त्याला अभय मिळालं, मग तो प्राणी म्हणाला मी खाऊ काय? शंकर म्हणाले स्वतःलाच खा. त्याने शेपटी पायापासून सुरुवात केली आणि नुसतं तोंड उरलं. शंकर प्रसन्न झाले, कीर्तिमुख नाव दिलं आणि दारावर मान दिला. मला हा पहिल्यांदा करायला सगळ्यात योग्य वाटतो कारण त्याला हातपायच नाहीत, गोल चेहरा, मोठे डोळे, जाड भुवया, बाजूला फुलणारी वेल

रोहिणी बी-२०१: मला कानातलं हवंय, विठोबाच्या कानातल्या मकरकुंडलांसारखं

मृणाल बी-४०३: क्या बात है रोहिणी! मकर म्हणजे तो माशासारखा प्राणी जात्याच वळलेला, शेपटी तोंडाकडे आणायची की गोल पूर्ण होतो. एकच लक्षात ठेव, दोन्ही मासे एकमेकांच्या समोर तोंड करून यायला हवेत म्हणून कागदाचा साचा एकदा सरळ एकदा उलटा ठेवून काप. आणि दोन्ही सारख्याच जाडीचे लाट, लाटताना दोन्ही बाजूंना पत्त्यांच्या तीन-तीन पानांची थप्पी ठेवायची, लाटणं त्यावरून फिरतं, जाडी आपोआप एकसारखी. खवले वाळायच्या आत टोकदार पेन्सिलीने किंवा छोट्या नळीच्या काठाने दाबायचे. हाताला तेल अगदी थेंबभर, आणि उरलेली क्ले लगेच प्लास्टिकमध्ये गुंडाळ, आपल्या उन्हाळ्यात पाच मिनिटांत कोरडी पडते

सेक्रेटरी काका: मृणाल, विषय छान आहे पण भाजणार कुठे? ग्यासची टॉर्च बाल्कनीत नको, पडदे वगैरे असतात

मृणाल बी-४०३: बरोबर काका. गच्चीवर विटेवर ठेवून करू, शेजारी पाण्याची बादली आणि सोसायटीचं फायर एक्स्टिंग्विशर. लहान वस्तूच टॉर्चवर करायच्या, मोठ्या वस्तू भट्टीत. आधी थोडा धूर येतो, बारीक ज्योत उठते, तो बाइंडर जळत असतो, मग हळूहळू तुकडा नारिंगी दिसायला लागतो, तो रंग धरून दोन-तीन मिनिटं तापवायचं. पृष्ठभाग आरशासारखा चमकायला लागला तर लगेच ज्योत बाजूला, म्हणजे वितळतंय. आणि थंड झाल्यावर पांढराफट्ट दिसेल, घाबरू नका, ती चांदीच आहे, पितळी ब्रश घासला की चमक येते

वैशाली बी-३०४: आणि खाचा काळ्या कशा केल्यास?

मृणाल बी-४०३: गंधकाने. उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून डब्यात शेजारी ठेवला तरी चांदी काळवंडते, पण काकूंच्या घरी अंडं चालत नाही म्हणून तिथे लिव्हर ऑफ सल्फर या गंधकाच्या रसायनाचं कोमट पाणी वापरू, वास येतो, खिडकी उघडी ठेवायची. मग वरचा भाग पुसला की काळं फक्त खाचांत राहतं आणि भुवया डोळे उठून दिसतात

मृणाल बी-४०३: आणि ज्यांना प्राणी नको त्यांच्यासाठी, पिंपळाचं लहान पान घ्या, मागच्या बाजूने शिरा उठलेल्या असतात, तिथे पातळ केलेली क्ले ब्रशने थरावर थर द्यायची, प्रत्येक थर वाळू द्यायचा. भाजताना पान जळून जातं आणि त्याची प्रत्येक शीर चांदीत राहते. मला हे दर वेळी बघायला फार आवडतं

रोहिणी बी-२०१: माझं नाव मकर आणि पिंपळपान दोन्हीला लिही

मृणाल बी-४०३: लिहिलं. क्ले बाहेरून येते म्हणून वजनाच्या चांदीपेक्षा महाग पडते, पाकीट दोघी-तिघींनी वाटून घ्या. मोती वापरायचे असतील तर भाजल्यावर बसवायचे, आगीत ते टिकत नाहीत. अनिकेत, रविवारपर्यंत ड्रॅगनचं पेन्सिलीने चित्र काढून आण, पंख मिटलेले