नमुना ६ नको, ८ भरा

नाशिकहून पुण्याला आलात आणि नाव अजून तिकडच्याच मतदार यादीत आहे, तर कुणी सुचवलं तरी इथे नमुना ६चा अर्ज भरू नका. तो पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यांसाठी. पत्ता बदलायला नमुना ८, मतदारसंघ बदलला तरी तोच. दोन्हीकडे नाव ठेवणं कायद्यात बसत नाही. निवडणूक आयोगाच्या ॲपवरून होतं. पत्त्याला वीजबिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार चालतो.

आणि निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका हो! उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादी गोठते. २०२४च्या विधानसभेला ती तारीख २९ ऑक्टोबर होती, मतदान २० नोव्हेंबरला. मतदार ओळखपत्र खिशात असून यादीत नाव नसेल तर केंद्रावरून परतच यावं लागतं. उलट नाव असेल तर आधार, पासपोर्टवरही भागतं.