मदत हवी आहे: ट्रायम्फचे पुढचे ब्रेक नक्की कुठल्या गाडीचे?

कॉव्हेंट्रीकर:
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. ट्रायम्फच्या पुढच्या ब्रेकचे पॅड दोनदा मागवले, दोन्ही वेळा चुकीचे निघाले. नवा पॅड कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीत, नुसता खुळखुळतो. आधीच्या मालकाने बरीच कारागिरी करून ठेवली आहे आणि तो आता फोन उचलत नाही. शनिवारी गाडी बाहेर काढायची आहे. कॅलिपर कुठला ते सांगा. फोटो जोडला आहे.

पानाबहाद्दर:
फोटो उघडत नाही. ट्रायम्फ म्हणजे कुठली? स्पिटफायर, जीटी६, टीआर६, की मोटरसायकल? साल? डिस्कचा व्यास?

कॉव्हेंट्रीकर:
स्पिटफायर १५००, अजून कुठली! १९७८ ची. मला तर फोटो दिसतोय. आणि व्यास कशाला? मला पॅड हवेत, डिस्क नको.

नाना_फियाटवाले:
आमच्या वडिलांकडे स्टँडर्ड हेराल्ड होती, मद्रासला बनायची ती. तुमची स्पिटफायर हेराल्डच्याच चासीवरून निघालेली, म्हणजे नात्यातली. अख्खं बॉनेट मडगार्डसकट पुढे उलटायचं आणि आम्ही पोरं चाकावर बसून मेकॅनिककाकांना पाने द्यायचो. ब्रेक लागेनासे झाले की काका लायनर काढून पॉलिश पेपर मारायचे, झालं काम. तुम्हीही करून बघा.

लीड्सची_वहिनी:
नाना, ब्रेक लागत नाहीत असं ते कुठे म्हणाले? आणि वाचणाऱ्यांपैकी कुणी जुन्या ड्रममधला भुगा फुंकून उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं.

सिलिकॉनभक्त:
पॅडचं नंतर बघा. आधी सगळं ब्रेक ऑइल काढून डॉट ५ सिलिकॉन भरा. पाणी ओढत नाही, सांडलं तरी रंग खात नाही. मी सात वर्षांपूर्वी भरलं, अजून झाकण उघडलेलं नाही.

टीआर६_वाला:
आणि पेडल स्पंजासारखं. त्यातले बारीक बुडबुडे निघता निघत नाहीत. दर दोन वर्षांनी नेहमीचं डॉट ४ ऑइल बदलायचं, त्यात काय एवढं?

सिलिकॉनभक्त:
ज्याला हवा काढता येत नाही त्याने ऑइलला नावं ठेवू नयेत.

पानाबहाद्दर:
हा तंटा वेगळ्या धाग्यावर न्या. कॉव्हेंट्रीकर, व्यास का विचारला ते सांगतो. स्पिटफायरची डिस्क ९ इंची, म्हणजे २२९ मिमीच्या आसपास. जीटी६ ची ९.७ इंची, २४६ मिमी. दोन्ही गाड्या सख्ख्या बहिणी, त्यामुळे जीटी६ चे ब्रेक उचलून स्पिटफायरला चढवणं हा तिकडचा जुना उद्योग आहे. १५०० ला गर्लिंग कंपनीचा १४ नंबरचा कॅलिपर असतो, जीटी६ ला १६ चा. पॅड वेगळे. म्हणून तुमचा खुळखुळतोय. डिस्क मोजा, आणि कॅलिपर तारेच्या ब्रशने घासून त्यावर काय लिहिलंय ते वाचा.

कॉव्हेंट्रीकर:
मोजली, २४६. मग १६ चे मागवतो. संपला विषय.

टीआर६_वाला:
संपला नाही. १४ चा दट्ट्या, म्हणजे पॅड ढकलणारा पिस्टन, ४८ मिमीचा, १६ चा ५४. क्षेत्रफळ सव्वापटीहून जास्त, म्हणजे तेवढं जास्त ऑइल ढकलावं लागतं. मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडलने ऑइल ढकलणारा, स्पिटफायरचाच ठेवला असेल तर पेडल खोल जाणार. शिवाय १६ मध्ये दोन जाती: १६पी ला पाइपच्या नटासाठी इंची आटे, १६पीबी ला मेट्रिक. घासल्यावर काय दिसलं?

कॉव्हेंट्रीकर:
१६, मग पी, मग बी किंवा ८. गंजामुळे नीट कळत नाही. पेडल खोल जातंच, मला वाटलं जुन्या गाड्यांचं असंच असतं. पाइप मीच गेल्या महिन्यात नवे टाकले, स्पिटफायरचा तयार संच मिळतो तो. कॅलिपरपाशी नट जरा सैल फिरतात पण शेवटी घट्ट बसतात. किंचित पाझरतं. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू का? त्याचा पॅडशी संबंध नाही, सहज विचारतोय.

पानाबहाद्दर:
गाडी जागची हलवू नका! हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. तो ८ नाही, बी आहे. तुमच्या संचातला नट तीन सूती, म्हणजे साडेनऊ मिमी. भोक १० मिमीचं. नटाला इंचात २४ आटे, म्हणजे एक आटा १.०६ मिमी, आणि भोकात १ मिमी. फरक केसाएवढा म्हणून नट आत जातो, टोकाला आवळल्यासारखा वाटतो, पण धरलेलं असतं फक्त आट्यांच्या शेंड्यांनी. जोरात ब्रेक मारायची वेळ आली की नेमका तेव्हाच सुटेल. टेपचा उपयोग शून्य. ऑइल आटे अडवत नाहीत, पाइपचं फुगवलेलं तोंड अडवतं.

नाना_फियाटवाले:
आमचे काका सुतळी गुंडाळायचे.

लीड्सची_वहिनी:
नाना, ते नळाला!

कॉव्हेंट्रीकर:
बरं. पण इथे ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या गाडीला एमओटी ही वार्षिक तपासणीसुद्धा माफ आहे, एवढं काय घाबरायचं?

लीड्सची_वहिनी:
तपासणी माफ आहे, समोरच्या ट्रकला थडकणं माफ नाही. एम१० चे, म्हणजे १० मिमी मेट्रिक नट लावून पाइपची तोंडं नव्याने काढून घ्या, आणि आटे झिजले असतील तर कॅलिपरच बदला. आमच्या ह्यांनी असाच नट आवळला होता, आमच्याच ड्राइव्हवर पेडल जमिनीला टेकलं आणि गाडी कचऱ्याच्या डब्यांत. एक विचारते: हवा काढायची निप्पल दोन्हीकडे वरच्या बाजूला आहेत ना?

कॉव्हेंट्रीकर:
डावीकडे वर आहे. उजवीकडे बघून येतो.

कॉव्हेंट्रीकर:
उजवीकडे खाली आहे. का?

टीआर६_वाला:
म्हणजे तुमच्या गाडीला दोन्ही कॅलिपर डावे आहेत. हवा वर जमते, त्यामुळे उजवीकडची जन्मात निघणार नाही.

सिलिकॉनभक्त:
आणि नाव सिलिकॉनचं.

कॉव्हेंट्रीकर:
आधीच्या मालकाला परत फोन लावतोय. शनिवारचं आता बसने.