कमांड साठवून ठेवायच्या की दर वेळी नव्याने लिहायच्या?

सातपूरकर
अंबड एमआयडीसीत एका कारखान्याचे सर्व्हर सांभाळतो. गेल्या आठवड्यात भर दुपारी वीज गेली, माझ्या टेबलाखालचा यूपीएसही बसला. लॉग गाळायला सकाळपासून घासूनपुसून तयार केलेली कमांड त्यात गेली. बॅश, म्हणजे ज्यात आपण कमांड टाइप करतो तो शेल, दिलेल्या कमांडची यादी (हिस्टरी) फाइलमध्ये उतरवतो ती शेल बंद होताना. मशीनच अचानक बंद पडलं तर त्या सेशनमधलं काही उरत नाही. शिवाय वेगळं काही सांगितलं नाही तर तो ५०० ओळीच ठेवतो.

म्हणून माझं म्हणणं, कमांड नीट चालली की लगेच वेगळी साठवा. मी त्यासाठी 'पेट' नावाचं छोटं टूल वापरतो. 'पेट न्यू' दिलं की कमांड आणि वर्णन विचारतं, 'पेट सर्च'ने सापडतं. सर्व्हरचं नाव वगैरे बदलणारा भाग कोनी कंसात लिहिला, की वापरताना तेवढंच भरायचं. सगळं एका साध्या टॉमल (मजकुराच्या) फाइलमध्ये राहतं, ती गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, टाकता येते. वर्णनं मी मराठीत लिहितो: '३० दिवसांपेक्षा जुने लॉग शोध'. रात्री दोन वाजता मला तेच आठवतं, फ्लॅग (कमांडला जोडायचे पर्याय) नाही.

गंगापूर रोड
विजेचं दुखणं एका ओळीत बरं होतं. बॅशच्या 'प्रॉम्प्ट कमांड' या सेटिंगमध्ये 'हिस्टरी -ए' लिहा, प्रत्येक कमांडनंतर फाइलमध्ये भर पडेल. मग जुनी कमांड शोधायला कंट्रोल-आर पुरे.

माझा खरा विरोध वेगळा आहे. साठवलेली कमांड माणूस वाचत नाही, नुसती चालवतो. आमच्याकडे एकाने संग्रहातली आरसिंकची, म्हणजे फोल्डर कॉपी करायची, ओळ उचलली. तिच्यात 'डिलीट' होतं आणि सोर्सच्या शेवटी स्लॅश. स्लॅश असला की फोल्डर जात नाही, फोल्डरच्या आतला माल जातो. मूळ ओळीत डेस्टिनेशन त्याच प्रोजेक्टचं होतं, म्हणून ती वर्षभर बिनबोभाट चालली. याने डेस्टिनेशन बदलून सगळ्यांचं सामाईक बॅकअप फोल्डर दिलं. सोर्समध्ये जे नव्हतं ते तिथून पुसलं गेलं, म्हणजे बाकीचे सगळे प्रोजेक्ट. मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका) उघडून स्वतः लिहिली असती तर 'डिलीट'पाशी हात थांबला असता.

तपोवन
दादा, रोजच्या कमांडला तुमचं पटतं. पण सर्टिफिकेटची मुदत तपासायची ओपनएसएसएलची ओळ मला तीन महिन्यांतून एकदा लागते. ती कोण पाठ करणार? माझ्याकडे रोजच्याला अलियस (कमांडचं छोटं टोपणनाव), क्वचितच्याला संग्रह.

सातपूरकर, तुम्ही फाइल गिटमध्ये टाकता म्हणून एक सांगते. कमांडमध्ये पासवर्ड राहिला आणि नंतर खोडला, तरी जुन्या कमिटमध्ये (आधी नोंदलेल्या आवृत्तीत) तो तसाच राहतो. पेट गिटहबच्या गिस्टवरही (मजकूर ऑनलाइन ठेवायची जागा) सिंक होतं, आणि सीक्रेट गिस्ट लिंक असलेल्या कुणालाही उघडतं. पासवर्डच्या जागीही कोनी कंसच ठेवा.

सातपूरकर
पासवर्डचं मान्य, आजच फाइल चाळतो. सापडला तर नुसता खोडून भागणार नाही, बदलावाच लागेल.

गंगापूर रोड, तुमच्याकडे चुकली ती साठवलेली ओळ. साठवणं चुकलं नाही. माझ्या संग्रहात आरसिंकची ओळ 'ड्राय-रन'सकटच आहे. आधी काय पुसणार ते दाखवते, मग माणूस तो शब्द हाताने काढतो. फाइल शोधणाऱ्या फाइंडमध्येही 'डिलीट'ऐवजी 'प्रिंट' साठवतो. आणि वर्णनात कमांड काय करते एवढंच लिहून भागत नाही, कुठे चालवू नये हेही लिहितो.

गंगापूर रोड
ड्राय-रनसकट साठवणं आवडलं, आमच्याकडे सोमवारपासून तसंच करू. तरी नव्या मुलांना पहिले सहा महिने संग्रह देणार नाही. टारचे (फाइलींचा गठ्ठा बांधणाऱ्या कमांडचे) फ्लॅग दहा वेळा चुकल्याशिवाय ते हातात बसत नाहीत.

सातपूरकर
मग ते सहा महिने त्यांना रात्रपाळीला एकटं ठेवू नका.