बीएमएसच्या स्क्रीनवर सगळं ठीक, मग वीज का वाढतेय?

नवा_सुपरवायझर

नमस्कार मंडळी. चार महिन्यांपूर्वी एका आठ मजली ऑफिस इमारतीचा मेंटेनन्स माझ्याकडे आला. मी मुळात इलेक्ट्रिकलचा, बीएमएसशी (इमारतीचं एसी वगैरे कॉम्प्युटरवरून चालवणारी यंत्रणा) फारशी ओळख नाही. सिस्टिम ९ वर्षं जुनी आहे, एकूण १६ एएचयू (मजल्यांना गार हवा पुरवणारी पंख्याची मशीनं). स्क्रीनवर बघावं तर सगळं व्यवस्थित, सगळे मजले २४ अंशांवर. माणसं तेवढीच, मशीन तीच, पण मीटर मागच्या वर्षीच्या याच महिन्यांपेक्षा साधारण १८ टक्के जास्त पळतंय. एएमसीवाले (वार्षिक देखभालीचे कंत्राटदार) म्हणतात सॉफ्टवेअर जुनं झालंय, नवीन घ्या. खरंच त्याने वीज वाचते का? साहेबांना उत्तर मला द्यायचंय.

चिलरवाला

चिलर (पाणी गार करणारं मशीन) एएचयूंना जे गार पाणी पाठवतो, त्याचं जातानाचं आणि परत येतानाचं तापमान टाका इथे. फरक ६ अंशांवरून ३ वर आला असेल, तर तेवढ्याच थंडाव्यासाठी पंप दुप्पट पाणी फिरवताहेत. चिलरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या ट्यूब शेवटच्या कधी घासल्या, तेही विचारा.

पॅनेलवाली

सॉफ्टवेअर राहू द्या. नवं आणलंत तरी ते याच जुन्या सेन्सरचं ऐकणार.

मी २२ वर्षं कंट्रोल पॅनेलं उघडतेय. कुठल्याही इमारतीत गेले की आधी रात्रीचं मीटर बघते, स्क्रीन नंतर. तुमच्याकडे पाच दिवस, रोज १२ तास माणसं असतात असं धरू. झाले ६० तास. आठवडा १६८ तासांचा. उरलेले १०८ तास कोणासाठी काय चालू असतं, ते शोधा. रविवारी पहाटे तीनला स्वतः जा. एएचयूच्या खोल्यांची दारं उघडून पंखा फिरतोय का ते कानाने ऐका. स्क्रीनवर विसंबू नका.

दुसरं, ओव्हरराइड, म्हणजे वेळापत्रक डावलून हाताने दिलेला हुकूम. वीज खरी इथेच जाते. एका इमारतीत मी पाहिलंय, पाचव्या मजल्याचा एएचयू तीन वर्षं रात्रंदिवस फिरत होता. कधीतरी सुट्टीच्या दिवशी मीटिंग होती, ऑपरेटरने तो हाताने चालू केला आणि सोडवायचा विसरला. पुढे ऑपरेटर बदलला. नव्याला वाटलं हा असाच चालतो.

यातली गोम नीट समजून घ्या, कारण अनुभवी माणसंही इथे चुकतात. तुमची सिस्टिम बॅकनेटवर (बीएमएसमधली उपकरणं एकमेकांशी बोलतात ती भाषा) असेल तर प्रत्येक आउटपुटला, म्हणजे पंखा, व्हॉल्व्ह वगैरेंना जाणाऱ्या हुकुमाला, प्राधान्याच्या १६ पायऱ्या असतात. लहान आकडा जिंकतो. ऑपरेटरने स्क्रीनवरून दिलेला हुकूम बहुधा आठव्या पायरीवर बसतो, वेळापत्रक त्याच्या बरंच खाली, पंधरा-सोळावर. आता ऑपरेटरने संध्याकाळी तोच एएचयू 'बंद' केला, तर त्याला वाटतं आपण निस्तरलं. पण त्याने आठव्या पायरीवर 'चालू'च्या जागी 'बंद' लिहिलं, इतकंच. पायरी अजून अडवलेलीच आहे. सकाळी वेळापत्रक बिचारं 'चालू' म्हणतं, कोणी ऐकत नाही, मजल्यावरून फोन येतो, ऑपरेटर पुन्हा हाताने चालू करतो. एक दिवस कंटाळतो आणि बंद करायचंच सोडून देतो. त्यामुळे बंद करून भागत नाही, पायरी रिकामी करावी लागते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्याला 'रिलीज' म्हणतात. हाताने अडवलेल्या सगळ्या पॉइंटची (म्हणजे अशा एकेका आउटपुटची) यादी काढा. एएमसीवाल्यांना ते अर्ध्या तासाचं काम आहे, कुरकुर करतील, करू द्या.

व्हीएफडीही (पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) बघा. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात जाते. ५० हर्ट्झवर अडकवून ठेवलेला पंखा ३५ वर आला की हिशेबाने वीज एक-तृतीयांशावर येते. डक्टमध्ये ठरावीक प्रेशर राखायचं असेल तर प्रत्यक्षात एवढी उतरत नाही, तरी उतरते भरपूर.

चिलरवाल्यांनी विचारलेला फरक कमी निघाला, तर एएचयूच्या कॉइलमध्ये गार पाणी सोडणारे व्हॉल्व्ह गळत असतील. पंखा चालू ठेवून व्हॉल्व्हला शून्य टक्के द्या, २० मिनिटं थांबा, कॉइलच्या आधीची आणि नंतरची हवा मोजा. नंतरची गार असेल तर स्क्रीनवरचा शून्य खोटा आहे.

फिल्टर, बेल्ट तुम्हाला सांगायला नको.

ताजी_हवा

सीओटू सेन्सर विसरू नका. आमच्याकडे रिकाम्या हॉलमध्ये एक सेन्सर ११०० पीपीएम दाखवत होता. सिस्टिमला वाटायचं हॉल भरलाय, म्हणून बाहेरच्या हवेचा डॅम्पर (झडप) सताड उघडा, आणि ती सगळी गरम दमट हवा चिलर गार करत बसायचा. सेन्सर उघड्यावर नेऊन बघा, ४२० च्या आसपास यायला हवा. तपासताना त्याच्यावर श्वास सोडू नका, मी सोडला होता.

नवा_सुपरवायझर

पॅनेलवाली ताई, रविवारी पहाटे गेलो. वॉचमनला वाटलं भांडण करून घरातून निघालोय. दोन एएचयू फिरत होते! दोन्हींच्या पॅनेलवरचा सिलेक्टर 'हँड'वर, म्हणजे बीएमएसला बाजूला ठेवून थेट चालू. पण स्क्रीनवर दोन्ही 'बंद' दिसतात, हे कसं? शिवाय यादी मिळाली, ३१ पॉइंट आठव्या पायरीवर अडकलेत. उद्या सगळे एकदम सोडून देऊ का?

पॅनेलवाली

एकदम अजिबात नको. प्रत्येक ओव्हरराइडमागे कोणाची तरी तक्रार असते. कुठे खरंच उकडत असेल, कुठे अ‍ॅक्चुएटर (डॅम्पर हलवणारी मोटर) मेलेला असेल आणि कोणीतरी डॅम्पर उघडा ठेवून वेळ मारून नेली असेल. तो सोडलात की सकाळी फोन तुम्हालाच. वर्दळ नसलेल्या मजल्यापासून सुरू करा. एक सोडा, दर १५ मिनिटांनी नोंद होईल असा ट्रेंड लावा, दोन दिवस बघा, मग पुढचा. का अडवला होता ते कळलं तर रजिस्टरमध्ये लिहा. पुढच्या माणसाला तेवढाच आधार.

स्क्रीनचं म्हणाल तर ती बहुतेक आपण दिलेला हुकूमच परत दाखवतेय. पंखा खरंच फिरतोय का, हे कळायला करंट रिले किंवा प्रेशर स्विचची वेगळी वायर लागते. ती बसवलेलीच नसेल, किंवा तुटल्यावर कोणीतरी चित्रात हुकूमच जोडून टाकला असेल. मी दोन्ही प्रकार पाहिलेत.

नवा_सुपरवायझर

दुसरा प्रकार निघाला, वायर तुटलेली. जोडून घेतली. १२ पॉइंट सोडून झाले, एका मजल्यावरूनच फोन आला.

आता सहावा मजला. स्क्रीनवर २४, सेटपॉइंट (ठरवून दिलेलं तापमान) २४, आणि बायका शाली घेऊन बसतात. थर्मामीटर लावला तर २२. एएमसीचा मुलगा म्हणतो दोन अंशांचा ऑफसेट टाकतो, म्हणजे स्क्रीनच्या आकड्यातून दोन वजा, पाच मिनिटांचं काम.

पॅनेलवाली

थांबवा त्याला. सेन्सर पीटी १००० (तापमानाप्रमाणे ज्याचा रोध बदलतो तो) आहे ना? वायर सोडवा आणि मल्टिमीटरने ओहम मोजा, एकदा सेन्सरपाशी, एकदा पॅनेलपाशी. २२ अंशांना सुमारे १०८६ यायला हवेत, २४ ला १०९४ च्या जरा खाली.

नवा_सुपरवायझर

सेन्सरपाशी १०८६. पॅनेलपाशी १०९४.

पॅनेलवाली

म्हणजे सेन्सर बिचारा खरं बोलतोय. ८ ओहम वाटेत आहेत. ऑफसेट टाकला असता तर आज बरोबर दिसलं असतं आणि पावसाळ्यात पुन्हा हललं असतं. फॉल्स सीलिंगवर चढा, कुठेतरी जोड असणार.

नवा_सुपरवायझर

सापडला. लिफ्टच्या बाजूला दोन वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळली होती, तांबं हिरवं पडलेलं. कापून फेरूलसकट (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) टर्मिनलमध्ये घेतलं. स्क्रीन आता २२ दाखवते आणि व्हॉल्व्ह आपोआप मिटायला लागलाय. उद्या सातवा मजला, तिथेही शाली आहेत.